बायोडाटात 'नोकरी'समोर काय लिहू? मुलगा आहे, नर्स आहे

रात्रपाळी_केज

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

गेल्या महिन्यात मामानं माझा बायोडाटा केला. लग्नाचा. वर गणपती, खाली कुलदैवत, मग चि. अमुक तमुक, जन्मवेळ, रास, नाडी, उंची ५ फूट ७ इंच. शिक्षणासमोर 'जी.एन.एम.', म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आणि नोकरीसमोर 'वैद्यकीय क्षेत्रात (पुणे)'. मी म्हटलं, मामा, हे काय? तर म्हणाला, "खोटं हाय का?" खोटं नाही. पण वैद्यकीय क्षेत्रात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर असतो, हृदयाचं ऑपरेशन करणारा सर्जन असतो आणि बिलाच्या खिडकीवर बसणारा माणूसही असतो. मी यातला कोणीच नाही. मी नर्स आहे. सहा वर्षं झाली, पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत.

गाव केज तालुक्यात. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी उरकली की मुकादमाची गाडी यायची, ती मंडळी थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत. मी आजीपाशी. २००९ च्या पावसाळ्यात, मी सहावीत असताना, वडलांना झोपेत मण्यार चावला. मण्यार चावलेला कळत नाही, ना सूज ना रक्त. पोट दुखतंय म्हणून उठले आणि पहाटेपर्यंत पापण्या उघडेनात, बोलणं बोबडं झालं. जीपमधून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. लस सुरू केली, घशात नळी घातली, पण व्हेंटिलेटर त्या वेळी एकही रिकामं नव्हतं. मग तो रबरी फुगा असतो ना, अँबू बॅग, ती हातानं दाबत राहायची. चुलता दाबून दमला, आई दमली, मग माझा नंबर आला.

तिथं एक ब्रदर होते. मिशीवाले, पायात निळी स्लिपर. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "दाब. आता सोड. दोन, तीन, चार. दाब. फुग्याकडं बघू नको, बापाच्या छातीकडं बघ. वर येती का? आली की बास." चौदा-पंधरा पेशंट होते त्यांच्याकडं, पण दर थोड्या वेळानं येऊन माझ्या शेजारी उभे राहायचे आणि नुसते छातीकडं बघून जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हेंटिलेटर मिळालं. चौथ्या दिवशी वडलांनी डोळे उघडले.

आता तुम्ही म्हणाल, म्हणून हा नर्स झाला. तसं अजिबात नाही. मी हे सगळं विसरूनही गेलो होतो. २०१६ ला बारावीला ६१ टक्के पडले, सीईटीत तर विचारूच नका. थोरला चुलतभाऊ इंजिनिअरिंग करून घरी बसलेला. चुलता म्हणाला, "जीएनएम केलेलं पोरगं बसून ऱ्हात नाही." एवढ्यावर माझं करिअर ठरलं. चाळीसच्या वर्गात आम्ही सहा पोरं. पहिल्या वर्षी सुट्टीला घरी गेलो की गणवेश बॅगेच्या तळाशी, वर जीन्स.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी पुतळ्यावर अँबू बॅग दाबायला लावली. बाकीची पोरं भसाभसा दाबत होती. माझा नंबर आला तेव्हा मी दाबली, सोडली, दोन, तीन, चार. मॅडम म्हणाल्या, कुठं शिकलास? तेव्हा कुठं मला ती निळी स्लिपर आठवली.

बरं, आता नावाचा घोळ. आमच्या आयसीयूत एक लेडी डॉक्टर आहेत, एमडी. राऊंडला आम्ही दोघं बेडजवळ गेलो की नातेवाईक मला म्हणतात, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?" आणि त्यांना म्हणतात, "ओ सिस्टर, जरा सलाईन संपलंय." रोज. एकदाही चुकत नाही. त्या डॉक्टर आता सरळ सलाईन बदलून टाकतात आणि माझ्याकडं बघून हसतात. गावाकडं तर मी डॉक्टरच. लोक रिपोर्टचे फोटो पाठवतात, पारावर बसलो की बीपी बघ म्हणतात. आणि कोणी खोदून विचारलं, मी सांगितलं नर्स, की समोरच्याचा आवाज खाली येतो. "म्हंजी... बायांचं काम?" काही जण दुखवट्याला आल्यासारखे म्हणतात, "असू दे, आज ना उद्या डॉक्टर होशील." होत नसतो हो, ते वेगळं शिक्षण आहे.

२०२० ला पीपीई किट घालून सहा-सहा तास पाण्याचा थेंब न घेता उभे होतो, तेव्हा घरमालकानं 'काही दिवस दुसरीकडं बघा' म्हटलं. पुढच्या एप्रिलमध्ये, रेमडेसिव्हिरची मारामार होती तेव्हा, त्याच घरमालकाचा रात्री दोनला फोन: "भाऊ, एक बेड बघ ना." मी त्या वेळी त्याच्यासाठी 'भाऊ' होतो.

पगार हातात २४ हजार. एम्समधल्या नर्सभरतीची परीक्षा, नॉरसेट, दोनदा दिली, थोडक्यात गेली. तिथं ८० टक्के जागा बायकांना, २० टक्के पुरुषांना, आणि खुल्या गटाला वय तिसापर्यंत. मला सत्ताविसावं चालू आहे.

खरं खटकतं ते सांगतो. रेल्वेत शेजारच्यानं विचारलं "काय करता?" की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "हॉस्पिटलला असतो." नर्स हा शब्द येतच नाही. म्हणजे मामाला कशाला बोलायचं, हे वाक्य त्याला मीच शिकवलंय.

तर सांगा. नोकरीसमोर काय लिहू? नर्स, स्टाफ नर्स, ब्रदर, नर्सिंग ऑफिसर, की मामाचंच राहू दे? थट्टा करायची असेल तर करा, सवय आहे. पण एकदा काय ते ठरवून टाकायचंय.

---

खाकी_स्वप्न

भावा, वय आहे तोवर पोलीस भरती मार. बायोडाटात 'पोलीस' लिहिलं की पुढचे रकाने कोणी वाचत नाही. माझं तीन मार्कांनी गेलं, नाहीतर आज इथं टाईप करत बसलो नसतो.

---

मुलीची_आई_नाशिक

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. दीड वर्ष झालं मुलीसाठी बघतोय, शंभराच्या वर बायोडाटे वाचून झाले असतील. आता कागद हातात घेतला की कुठं काय झाकलंय ते कळतं. 'स्वतःचा व्यवसाय' म्हणजे पुष्कळदा काहीच नाही. 'शेती बागायत' लिहिलेलं असेल तर विहीर कुठं आहे ते विचारायचं. आणि 'वैद्यकीय क्षेत्रात' असं लिहिलेले दोन आले होते. एक औषधांच्या दुकानात काउंटरवर होता. त्यात काही वावगं नाही, आमचे दीरही तेच करतात. पण बघायला गेल्यावर अर्ध्या तासानं, चहा पिऊन झाल्यावर, मुलाच्या काकांच्या तोंडून ते बाहेर आलं. मुलगा तोवर खाली मान घालून बसलेला. मुलगी घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, काम चांगलं आहे गं, पण त्याला स्वतःलाच ते आवडत नाही तर मी काय करू?" तिथंच विषय संपला.

तुम्ही नर्स लिहिलंत तर दहातली सहा घरं पहिल्याच फेरीत गळतील, खोटं कशाला बोलू. आमच्याच घरात यांनी बाजूला ठेवला असता. पण उरलेली चार घरं निदान प्रश्न तरी खरे विचारतील. मी विचारला असता तो सांगते: महिन्यात नाईट किती? सलग किती दिवस? नाईट करून आल्यावर दिवसा झोपायला घरात वेगळी खोली आहे का, की एकाच खोलीत टीव्ही आणि पाहुणे? सून नोकरी करणारी असेल तर दोघांची गाठ कधी पडणार? मुलाच्या हुद्द्यापेक्षा आम्हा आयांना ह्याची जास्त काळजी असते.

आणि पगार लिहा. २४ हजार तर २४ हजार. लपवलेला पगार साखरपुड्यानंतर कळला की जास्त महागात पडतो.

ता.क. वडील बरे आहेत ना आता?

---

रात्रपाळी_केज

काकू, वडील ठणठणीत आहेत. ऊसतोड बंद केली, दोन म्हशी आहेत. रात्री खाटेवरच झोपतात, मच्छरदाणी लावून.

नाईट महिन्याला आठ ते दहा. खोली एकच आहे. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

---

श्टुटगार्टकर

मित्रा, मी पण जीएनएम, सांगलीकडचा, चार वर्षांपासून जर्मनीत. तुझं वाचून जागा झालो म्हण, इथं आत्ता पहाटेचे साडेचार वाजलेत आणि मी पण ड्यूटीवरच आहे.

आधी गंमत ऐक. इथं नर्सला जुना शब्द होता 'क्रांकनश्वेस्टर'. क्रांकन म्हणजे आजारी, श्वेस्टर म्हणजे बहीण. आजाऱ्यांची बहीण! म्हणजे आपल्या 'सिस्टर'चंच भावंड. मग पुरुष आला की काय म्हणायचं? त्याला 'फ्लेगर' म्हणायचे, सेवा करणारा. २००४ मध्ये कायद्यानं ते बहीण प्रकरण कागदावरून काढलं आणि २०२० पासून नवं नाव आलं: पुरुष असेल तर 'फ्लेगेफाखमान', बाई असेल तर 'फ्लेगेफाखफ्राऊ'. माझ्या छातीवर तोच बिल्ला आहे. आणि तरी रोज सकाळी सात नंबरच्या आजी मला हाक मारतात, "श्वेस्टर!" मी जातो. त्यांना पाणी हवं असतं, बाकी काही नाही.

आता गंमत नाही ते सांगतो. आपल्याकडं पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं कोण करतं? वॉर्डातल्या मावशी, मामा (वॉर्डबॉय), नाहीतर नातेवाईक. आपण नर्स म्हणजे इंजेक्शन, औषधं, मॉनिटर, रजिस्टर. आयसीयूत असशील तर तुझा हात आणखी वरच्या कामात. इथं आलो तर पहिल्या आठवड्यात मला टॉवेल, साबण आणि दोन बादल्या दिल्या. ८४ वर्षांचे आजोबा, पक्षाघात झालेले. पूर्ण अंग पुसायचं, दाढी करायची, दात घासून द्यायचे. आणि कॅन्युला, ती शिरेत घालायची सलाईनची नळी? आमच्या वॉर्डात ती डॉक्टर लावतात. ज्या कामाचा मला सगळ्यात जास्त माज होता, अंधारातसुद्धा व्हेन पकडायचो, ते काम गेलं आणि जे मी मामांना सांगायचो ते हातात आलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो. खरंच. वाटलं, आपण इथं वॉर्डबॉय झालो.

मग बघितलं, माझ्याबरोबरची वीस वर्षं नोकरी झालेली जर्मन बाई तेच काम करत होती. पाठ पुसता पुसता तिनं कमरेच्या खाली एक लालसर डाग बघितला आणि मला बोट लावून दाखवला. दाबल्यावर पांढरा होत नव्हता. म्हणजे बेडसोअरची, पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. मी तीन दिवस ते आजोबा सांभाळत होतो, बीपी-शुगर सगळं चोख लिहीत होतो, आणि त्यांची पाठ बघितली नव्हती. तेव्हापासून बादली उचलताना मला काही वाटत नाही.

आता लग्नाचं. माझ्या बायोडाटात बहिणीनं 'नर्स, जर्मनी' असं लिहिलं. लोकांनी 'नर्स' वाचलंच नाही, 'जर्मनी' वाचलं. जे लोक दोन वर्षांपूर्वी दारात उभं करत नव्हते ते फोन करायला लागले. एका वडलांनी तर विचारलं, "तिकडं नर्सला डॉक्टरएवढाच मान असतो म्हणे?" मी म्हटलं, नसतो. त्यांना ते आवडलं नाही. शेवटी जिच्याशी झालं ती सोलापूरची फिजिओथेरपिस्ट. पहिल्या भेटीत तिनं विचारलं, तुमच्याकडं पेशंटला उठवून खुर्चीत बसवायचं काम कोण करतं? आम्ही तासभर फक्त तेच बोललो, घरच्यांना वाटलं बिनसलं.

२०२४ ला महाराष्ट्र सरकारनं इथल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केल्यापासून मला रोज 'दादा, कसं यायचं' असे मेसेज येतात, म्हणून इथंच लिहून ठेवतो: बी-टू पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते, ती खरोखरच यावी लागते. मी दोनदा नापास झालो होतो. आणि लाखभर रुपये आधी मागणारा एजंट दिसला की उलटं फिरायचं. पण तू फक्त बायोडाट्यासाठी येऊ नकोस.

---

निवृत्त_परिसेविका

बाळा, मी १९८५ ला सरकारी नोकरीत लागले आणि २०२१ ला, कोविडच्या धामधुमीतच, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. ट्रेनिंग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातलं. डोक्यावर खळ घातलेली टोपी असायची, ती वाकडी दिसली तर मॅट्रन बाई जिन्यातूनच परत पाठवायच्या.

तुला लोक म्हणतात, हे बायकांचं काम. मला हसू आलं. आमच्या वेळी हेच लोक म्हणायचे, हे बाईनं करण्यासारखं काम नाही! परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्रीची घराबाहेर राहायची, रक्त-लघवी काढायची. मी ट्रेनिंगला गेले तेव्हा माझे वडील दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. चांगल्या घरातल्या मुली जात नाहीत म्हणायचे. माझ्याबरोबर होत्या त्या बऱ्याचशा ख्रिश्चन मुली, दोघी-तिघी विधवा, एक नवऱ्यानं टाकलेली आणि मी. माझ्या स्थळांना सांगायचे, 'मुलगी सरकारी नोकरीत आहे.' कुठल्या नोकरीत ते नाही. म्हणजे तुझ्या मामानं काही नवीन केलेलं नाही. माझ्या आईनं चाळीस वर्षांपूर्वी तेच केलं होतं.

तेव्हा हे काम बायकांचं कधी झालं ते मला कोणीतरी सांगा. मला वाटतं, पगार बरा झाला तेव्हा!

शब्दांचं म्हणशील तर सरकारी कागदावर आपल्याला मराठी नावं आहेत. स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका म्हणजे वॉर्ड सांभाळणारी, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे आमच्या मॅट्रन बाई. पुरुष असला की अधिपरिचारक. माझ्या वॉर्डात एक मुलगा हजर झाला, त्याच्या आदेशावर छापलं होतं 'श्री. अमुक, अधिपरिचारिका'. क्लार्कला म्हटलं, दुरुस्त करून दे. तो म्हणाला, नमुना तसाच आहे बाई. त्या मुलानं तो कागद फ्रेम करून घरात लावलाय. केंद्राकडं आता 'नर्सिंग ऑफिसर' म्हणतात, चांगलं आहे, पण तू सध्या खाजगीत आहेस तर तुझ्या नेमणूकपत्रावर जे असेल तेच लिही. उगाच ऑफिसर लिहिलंस तर ह्या नाशिकच्या बाई पहिल्या पाच मिनिटांत पकडतील.

२६ नोव्हेंबर २००८ ला कामा हॉस्पिटलात अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. अतिरेकी आत शिरल्यावर त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन सुरक्षित ठेवलं, पुढं कोर्टात कसाबला ओळखलं. त्यांच्याबद्दल पेपरात 'नर्स'च छापून आलं. 'वैद्यकीय क्षेत्रातील एक महिला' असं कोणी लिहिलं नाही.

आता मी थोडी रागावणार आहे. तू सगळं नावाबद्दल लिहिलंस, पुढच्या दहा वर्षांबद्दल एक ओळ नाही. आयसीयूत सहा वर्षं म्हणजे थोडी नाहीत, पण सत्तेचाळिसाव्या वर्षीही तू त्याच बेडपाशी त्याच पगारात नाईट करणार का? पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांचं आहे, जीएनएमनंतर करता येतं. ते झालं की क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स आहे, तो तुझ्यासारख्यांसाठीच काढलाय. नॉरसेट द्यायची तर दे, पण वीस टक्क्यांचं रडगाणं नको. ती वीस टक्के पोरं कोणीतरी होतातच ना. आणि शिकवण्याकडं वळायचं मनात येतं का कधी? ज्या माणसानं सहावीतल्या पोराला घाबरवून न सोडता फुगा दाबायला शिकवला, त्याला मी माझ्या वॉर्डात डोळे मिटून घेतला असता. त्यांचं नाव माहीत आहे का तुला?

---

रात्रपाळी_केज

मावशी (तुम्हाला मावशीच म्हणतो, मॅडम म्हटलं तर टोपी सरळ करावीशी वाटते), नाव माहीत नाही. सगळे 'ब्रदर'च म्हणायचे. वडलांना विचारलं, त्यांना तर ते दिवसच आठवत नाहीत. आईला विचारलं, तर म्हणाली, "नाव कशाला इचारतंय कोण, त्यांना आपून भाकरी दिलती." ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ते उभ्या उभ्या खाऊन गेले म्हणे.

पोस्ट बेसिकचं खरंच मनात आहे. भीती एवढीच की दोन वर्षं पगार बंद. नाईट करून दिवसा कॉलेज जमवणारे दोघं ओळखीचे आहेत, त्यांचे चेहरे बघितले की धीर होत नाही. जूनच्या आत काय ते ठरवतो. श्टुटगार्टकर, काल ड्यूटीवर मामांना बाजूला करून मी बेड चारची पाठ स्वतः बघितली. डाग नव्हता. मामा म्हणाले, "काय झालं, इन्स्पेक्शन आहे का?"

खाकीभाऊ, माझी छाती दोन सेंटिमीटरनं कमी भरते, नाहीतर आलो असतो.

बायोडाट्याचं सांगतो. आज सकाळी नाईट उतरून तसाच, डोळे चुरचुरत, स्वारगेटजवळच्या एका टायपिंगवाल्याकडं गेलो. मामाची फाईल पेनड्राईव्हवर होती. म्हटलं, 'वैद्यकीय क्षेत्रात' काढा, तिथं लिहा 'नर्स, अतिदक्षता विभाग, खाजगी रुग्णालय, पुणे'. खाली मासिक वेतन २४,०००. आणि 'महिन्यातून ८ ते १० रात्रपाळ्या' हेही लिहा. तो पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. "असं कोणी लिहीत नाही साहेब." म्हटलं, एका काकूंनी सांगितलंय.

त्यानं टाईप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. 'नोकरी : पुरुष नर्स'.

मी म्हटलं, 'पुरुष' काढा.

"अहो, वाचणाऱ्याला कळायला नको का?"

म्हटलं, वर 'चि.' लिहिलंय की. शेजारी फोटो पण आहे, मिशीसकट.

काढलं त्यानं. दहा प्रती, रंगीत.